एका दिवसाचा पिचर

२१ एप्रिल २०१२, शनिवार. सिअ‍ॅटलचं सेफको फील्ड, बेसबॉलचा सामना, नववी म्हणजे शेवटची इनिंग, दोन आउट. यजमान मरिनर्सचा ब्रेंडन रायन पिंच हिटर, म्हणजे बदली बॅटर, म्हणून उभा आहे आणि काउंट तीन-दोन: तीन बॉल, दोन स्ट्राइक. शिकागो व्हाइट सॉक्सचा पिचर फिलिप हंबरने टाकलेला स्लायडर प्लेटच्या बाहेर निघून जातो, रायनची बॅट अर्धवट फिरते आणि थांबते. अंपायर स्विंग धरतो, म्हणजे तिसरा स्ट्राइक. चेंडू कॅचर पियर्झिन्स्कीकडून निसटून मागे गेलेला असतो, अशा वेळी बॅटरला पहिल्या बेसकडे धावता येतं, पण रायन धावायचं सोडून अंपायरकडे वळतो, आणि तेवढ्यात पियर्झिन्स्की चेंडू गाठून पहिल्या बेसवर टाकतो. सत्तावीस आले, सत्तावीस गेले. ९६ पिच, ९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद झालेले बॅटर), मेजर लीगच्या इतिहासातला २१वा परफेक्ट गेम, म्हणजे एकही बॅटर बेसवर न पोहोचलेला सामना. पाच दिवसांनी, गुरुवारी, हाच हंबर शिकागोच्या घरच्या मैदानावर बॉस्टन रेड सॉक्ससमोर उतरला आणि ५ इनिंगमध्ये ९ धावा देऊन परतला. फँटसी बेसबॉलच्या, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधून त्यांच्या आकड्यांवर खेळायच्या खेळाच्या, वहीत दोन्ही दिवस एकत्र मांडले तर १४ इनिंग, ९ अर्न्ड रन (फील्डरच्या चुकीशिवाय दिलेल्या धावा), ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगला अर्न्ड रन, ५.७९. जगातला सर्वांत निर्दोष सामना पदरात पडूनही हिशोब तोट्यात.

हे दोन दिवस शेजारी ठेवले की मला अस्वस्थ व्हायला होतं. परफेक्ट गेम कोणालाच आधी दिसत नाही, ९ धावाही दिसत नाहीत. पण त्या दोन सकाळी समोर काय दिसत होतं ते तपासता येतं. मरिनर्स २०१० आणि २०११ या दोन्ही वर्षी अख्ख्या मेजर लीगमध्ये सर्वांत कमी धावा करणारा संघ होता. सेफकोच्या भिंती तेव्हा लांब होत्या, त्या पुढच्या हंगामासाठी आत घेतल्या गेल्या. २०१२ मध्ये त्या एकाच मैदानावर तीन नो-हिटर, म्हणजे एकही हिट न दिलेले सामने, झाले. आणि गुरुवारी समोर आलेल्या रेड सॉक्सने २०११ मध्ये सगळ्या लीगमध्ये सर्वांत जास्त धावा केल्या होत्या. पाच दिवसांत पिचर तोच राहिला, खांदा तोच, स्लायडर तोच. समोरचा संघ यादीच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेला.

आधी दिवस निवडावा, मग पिचर.

निदान ज्याला आपण एका सामन्यापुरता उचलतो (याला स्ट्रीमिंग म्हणतात), त्याच्या बाबतीत तरी. एसची, म्हणजे अव्वल पिचरची, गोष्ट वेगळी, त्याला समोर कोण आहे हे न बघता लावायचं असतं. स्ट्रीमर म्हणजे बारा संघांच्या लीगमध्ये कोणीच न घेतलेला पिचर. त्याच्यात काहीतरी कमी आहे म्हणूनच तो मोकळा आहे: वेग कमी, तिसरं पिच नाही, नाहीतर वॉक (चार बॉल टाकून बॅटरला फुकट दिलेला बेस) जास्त. ती कमतरता त्या दिवशी झाकली जाईल का, एवढाच आपला प्रश्न.

म्हणून सुरुवात समोरच्या संघापासून. हंगामाच्या एकूण आकड्यांवर विसंबू नये, कारण जुलैतला संघ एप्रिलचा राहिलेला नसतो. गेल्या तीस दिवसांचा डब्ल्यूआरसी प्लस (बॅटिंगची धावा घडवण्याची ताकद मोजणारा आकडा) बघावा आणि तोही डावखुऱ्या आणि उजव्या पिचरसमोरचा वेगवेगळा. १०० म्हणजे सरासरी. ९०च्या खाली असेल तर पुढचा विचार करावा. ८०च्या खाली असेल तर बेताचा पिचरही चालून जातो. त्याला लागूनच संघाचं स्ट्राइकआउटचं प्रमाण बघावं, कारण दुबळेपणाचे दोन प्रकार असतात. काही संघ बॅट चेंडूला लावत राहतात पण चेंडू लांब जात नाही. त्यांच्यासमोर ईआरए सांभाळला जातो, स्ट्राइकआउट मात्र तीन-चारच मिळतात. दुसरे संघ सामन्यात दहा वेळा स्ट्राइकआउट होतात आणि मध्येच वॉकमागून वॉक घेऊन तीन रनचा होमर (होम रन) मारतात. आपल्याला त्या आठवड्यात काय कमी पडतंय त्यावर यातला कुठला संघ शोधायचा ते ठरतं. २०२४चे व्हाइट सॉक्स हे सोपं गिऱ्हाईक होतं: १६२ सामन्यांत ५०७ धावा, म्हणजे सामन्याला सव्वातीनही नाहीत, आणि १२१ पराभव. पण इतका उघड दुबळा संघ सगळ्यांनाच दिसतो. त्यांच्यासमोरचा पिचर आदल्या रात्रीपर्यंत उरत नाही, त्याला तीन दिवस आधीच उचलून जागा अडवावी लागते. त्यापेक्षा ज्यांची बदनामी अजून झालेली नाही असे संघ शोधण्यात जास्त फायदा आहे. जुलैअखेर ट्रेड डेडलाइन (संघांमधल्या अदलाबदलीची मुदत) उलटली की दोन-तीन संघांचे मधल्या फळीतले बॅटर निघून गेलेले असतात आणि हंगामाचे आकडे मात्र तसेच सभ्य दिसत राहतात. ऑगस्टचे पहिले दोन आठवडे म्हणूनच स्ट्रीमिंगसाठी सुगीचे. तसंच, शनिवारी रात्री खेळून रविवारी दुपारी पुन्हा उतरणारा संघ एखाद-दोन मुख्य बॅटरना, बहुतेकदा कॅचरला, विश्रांती देतो. ही बारीकशी गोष्ट बरंच काम करून जाते.

मग मैदान. डेन्व्हरच्या कूर्स फील्डवर स्ट्रीमर लावू नये, इथे अपवाद काढत बसू नये. समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवर हवा विरळ, त्यामुळे चेंडू लांब जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पिचरचं खरं नुकसान आधीच, हातातून चेंडू सुटतानाच झालेलं असतं. कर्व्हबॉल तितका वळत नाही, फास्टबॉल तितका वर तरंगत नाही. होमर कमी व्हावेत म्हणून आउटफिल्ड अवाढव्य ठेवलंय, तर चेंडू त्या मोकळ्या रानात पडतात आणि साध्या फ्लायचे (उंच उडालेल्या चेंडूंचे) डबल (दोन बेसचे हिट) होतात. २००२ पासून तिथे चेंडू ह्युमिडॉरमध्ये (ओलावा राखणाऱ्या कपाटात) ठेवतात, त्याने धार कमी झाली, गेली नाही. मात्र हेच डेन्व्हरचे रॉकीज दौऱ्यावर निघाले की नाव टिपून ठेवावं. घरी मऊ वळणारे चेंडू बघायची सवय लागलेले बॅटर सॅन डिएगो किंवा सिअ‍ॅटलला जातात आणि तिथला स्लायडर त्यांना सापडत नाही. वर्षानुवर्षं त्यांचे घरचे आणि बाहेरचे आकडे दोन वेगळ्या संघांचे वाटावेत असे असतात. रॉकीज बाहेर, समोर सरासरी उजवा पिचर, मैदान समुद्राकाठचं: यापेक्षा चांगली जुळणी वेव्हरवर, म्हणजे मोकळ्या खेळाडूंच्या यादीत, क्वचितच मिळते.

बाकीच्या मैदानांचा विचार पिचरच्या जातीप्रमाणे करावा. सिनसिनाटीत चेंडू उंच गेला की स्टँडमध्ये पडतो, तिथे फ्लायबॉलवाला पिचर नको. ग्राउंडर (जमिनीलगत जाणारे चेंडू) काढणारा एखादवेळी निभावून नेतो. यांकी स्टेडियमची उजवी फाउल लाइन ३१४ फुटांवर, म्हणजे डावखुऱ्या बॅटरांनी भरलेल्या फळीसमोर उजवा स्ट्रीमर लावणं धोक्याचं. सॅन फ्रान्सिस्कोत नेमकं उलट: उजवीकडे २४ फुटांची भिंत, उजव्या-मधल्या कोपऱ्यात ४१५ फूट अंतर आणि संध्याकाळची जड, थंड हवा. कॅन्सस सिटीत २०२५पर्यंत होमर कमी, पण आउटफिल्ड रुंद असल्यामुळे हिट जास्त असायचे. तिथे ईआरए वाचायचा आणि व्हिप (दर इनिंगला दिलेले हिट आणि वॉक) बिघडायचा. शिकागोच्या रिग्लीला वाऱ्याची दिशा बघितल्याशिवाय निर्णयच घेऊ नये. तळ्याकडून वारा आत येत असेल तर ते पिचरचं मैदान, बाहेर वाहत असेल तर डेन्व्हरचं भावंड.

आता पिचर. त्याचा ईआरए सर्वांत शेवटी बघावा. पाच-सहा सामन्यांचा ईआरए बराचसा नशिबाचा असतो. बॅटला लागलेला चेंडू फील्डरच्या हातात जाईल की मधून निघेल यावर पिचरचा ताबा समजतो त्यापेक्षा फार कमी असतो, हे आकडेवारीचा अभ्यासक वोरोस मॅक्रॅकनने २००१ साली मांडलं तेव्हा वाद झाला, पण आज कुठल्याही फ्रंट ऑफिसला ते गृहीत धरूनच चालावं लागतं. लीगभर अशा चेंडूंचा बाबिप, म्हणजे हिट ठरण्याचं प्रमाण, .२९०च्या वर-खाली असतो. एखाद्या मोकळ्या पिचरचा ईआरए २.४० आणि बाबिप .२१० दिसला तर तो फुगा आहे, ४.८० आणि .३६० दिसला तर तिथे माल पडून आहे. मी सर्वांत आधी स्ट्राइकआउटच्या टक्केवारीतून वॉकची टक्केवारी वजा करते. लीगची सरासरी साधारण १४ निघते. १५च्या वर गेलेला पिचर मोकळा असेल तर कारण शोधावं, आणि कारण नुसता वाईट ईआरए असेल तर त्याला घ्यावं. १०च्या खालच्याला फार चांगला दिवस लागतो. त्यानंतर वेग. गेल्या दोन सामन्यांत फास्टबॉल ताशी दीड मैलाने उतरलेला असेल तर बाकी सगळं जुळलं तरी सोडून द्यावं, कारण संघाने दुखापत जाहीर करण्याआधी वेग ती सांगतो. उलट एखाद्याने नवं पिच आणलेलं असेल, समजा कटर किंवा स्वीपर, आणि ते तो पाचातून एकदा टाकत असेल, तर पुढचे तीन-चार सामने बॅटरांना त्याचा अंदाज नसतो. तेवढ्यात उचलावं. आणि त्याच संघाला तो दहा-बारा दिवसांत दुसऱ्यांदा भेटत असेल तर मी एक पायरी खाली धरते.

यात एक आकडा बहुतेकजण बघतच नाहीत: मागच्या सामन्यात त्याने किती पिच टाकले. दुखापतीतून परतलेला पिचर पहिल्या सामन्यात ६५-७० पिचवर थांबवला जातो, नव्या पोराला ८० ते ८५. इनिंगला १५ पिच लागले तर ९० पिचमध्ये सहा इनिंग होतात. १८ लागले तर पाचच. आज स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) सरासरीने सव्वापाच इनिंगच्या आसपास टाकतो, आणि विन, म्हणजे विजय नावावर, मिळायला पाच पुऱ्या कराव्या लागतात. म्हणजे आपला विन नेहमीच काठावर असतो.

ती पाचवी इनिंग बघण्यासारखी असते. संघ ३-१ ने पुढे, एक आउट, आणि फळी तिसऱ्यांदा वर येते. लीडऑफ बॅटरने याचा स्लायडर आज दोनदा पाहिलेला आहे. पहिल्या इनिंगला ज्यावर त्याची बॅट हवेत फिरली होती, तोच चेंडू आता तो नुसता बघतो आणि सोडून देतो. दोन स्ट्राइकनंतर फाउल, पुन्हा फाउल, पुन्हा. पिच ७८, ७९, ८०. पिचर टोपी काढून कपाळ पुसतो, पिच क्लॉक (दोन पिचमधल्या वेळेची मर्यादा) धावत असतो म्हणून पूर्वीसारखा माउंडमागे फिरून श्वास घेता येत नाही. आठव्या पिचला वॉक. कॅमेरा बुलपेनकडे, बदली पिचर तयारी करतात तिकडे, वळतो: एक डावखुरा जॅकेट काढून उभा राहिलाय, मिटमध्ये चेंडू आदळल्याचा आवाज माइकमध्ये येतो. कोच डगआउटमधून निघतो, सावकाश, कारण रिलीव्हरला, त्या बदली पिचरला, अजून आठ-दहा पिच हवेत. ज्याच्या नावाचा उच्चारही परवा माहीत नव्हता त्या माणसासाठी आपण एका डबल प्लेची (एकाच चेंडूवर दोन आउट) प्रार्थना करत असतो. दोन आउट राहिले होते. मॅनेजर वर आला आणि त्याने चेंडूसाठी हात पुढे केला तर विन गेला, आणि बेसवर ठेवलेला तो माणूस रिलीव्हरने घरी जाऊ दिला तरी धाव आपल्याच पिचरच्या नावावर.

म्हणून पिचरच्या स्वतःच्या संघाचाही हिशोब हवा. त्याची फळी धावा करते का, आणि बुलपेन गेल्या दोन रात्रींत किती दमलंय. याचा झटपट अंदाज लास वेगासच्या सट्ट्याच्या आकड्यांवरून येतो: सामन्याच्या एकूण धावा ७.५ किंवा कमी धरलेल्या असतील आणि आपला पिचर फेव्हरिट असेल, तर आपण तासभर जे शोधतो ते तिथे एका ओळीत असतं. आधी नॅशनल लीगच्या मैदानावर नवव्या क्रमांकाला पिचर बॅटिंगला यायचा, तो एक फुकटचा आउट होता. २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये डीएच (पिचरऐवजी बॅटिंग करणारा खेळाडू) आल्यावर ती सवलत संपली. ओपनरचं, म्हणजे सुरुवातीची एखाद-दोन इनिंगच टाकणाऱ्याचं, मात्र नक्की तपासावं. २०१८ मध्ये टँपा बे रेजने सर्जिओ रोमोला पहिल्या इनिंगला उतरवून ही पद्धत रुजवली. ओपनरला विन मिळू शकत नाही, त्याच्यामागून येऊन चार-पाच इनिंग टाकणाऱ्याला मिळू शकतो, आणि त्या दुसऱ्याचं नाव प्रोबेबलच्या (जाहीर स्टार्टरांच्या) यादीत दिसतच नाही. अशा पिचरकडे आरपीची (रिलीव्हरची) पात्रताही असेल तर तो आरपीच्या जागेवर बसतो आणि एसपीची (स्टार्टरची) जागा मोकळी राहते.

धोका किती पत्करायचा हे लीगच्या प्रकारावर आहे, आणि इथे भावनेपेक्षा गणित बरं. हेड-टू-हेडमध्ये, म्हणजे दर आठवड्याला एका प्रतिस्पर्ध्याशी कॅटेगरीवार लढतीत, गुरुवारपर्यंत तुमच्या ४० इनिंग, १५ अर्न्ड रन, ईआरए ३.३८ आणि व्हिप १.१५ आहे असं धरा. त्यात एक फसलेला स्ट्रीमर आला, ४ इनिंग, ६ रन, हिट आणि वॉक मिळून ९. ईआरए ४.३०, व्हिप १.२५. दोन्ही कॅटेगरी एका रात्रीत गेल्या. तोच माणूस ऑगस्टमध्ये रोटो (हंगामभराच्या बेरजेवर क्रम लावणाऱ्या) लीगच्या १००० इनिंगमध्ये मिसळला तर ३.६० चा ३.६४ होतो. म्हणजे रोटोत एकेका वाईट दिवसाला घाबरायचं कारण नाही, तिथे भीती सवयीची: एकूण इनिंगची मर्यादा असेल तर दर सुमार स्ट्रीमर एका चांगल्या पिचरच्या पाच इनिंग खातो. हेड-टू-हेडमध्ये स्ट्रीमर सोमवार-मंगळवारी लावावेत. आठवडा कोरा असतो, फटका बसला तरी सावरायला पाच दिवस मिळतात, आणि सोमवारी टाकणारा बहुतेक वेळा शनिवारी किंवा रविवारी पुन्हा येतो. बहुतेक वेळा, मधल्या गुरुवारी सुट्टी आहे का आणि संघ सहा जणांचं रोटेशन तर चालवत नाही ना, ते मोजून बघावं. आणि दोन सामन्यांच्या मोहात दुसरा सामना कूर्सला आहे हे विसरू नये. साप्ताहिक लाइनअपच्या लीगमध्ये पहिला हवा म्हणून दुसरा टाळता येत नाही.

भारतातून खेळणाऱ्यांची एक वेगळी अडचण आहे. न्यूयॉर्कचा संध्याकाळी सात पाचचा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे चार पस्तीसला सुरू होतो, फळी जाहीर होते ती मध्यरात्रीनंतर. अमेरिकेत एडिसनला किंवा बे एरियात राहणारा मराठी मॅनेजर ऑफिसातून सुटताना फोनवर बघतो की समोरचा मुख्य बॅटर आज बसलाय, पाऊस येणार की नाही. पुण्यातल्याला झोपण्यापूर्वीच ठरवावं लागतं. पाऊस सर्वांत वाईट: दोन इनिंगनंतर तासभर खेळ थांबला की स्टार्टर परत येत नाही आणि पिचर उचलण्याची अ‍ॅड वाया जाते. पुण्यातून खेळताना म्हणून पश्चिम किनाऱ्याचे सामने सोयीचे. ते सकाळी सात-साडेसातला सुरू होतात, बरीच मैदानं पिचरच्या बाजूची, पाऊस जवळपास नाही, आणि उठल्यावर फळी बघून निर्णय फिरवायला वेळ मिळतो.

सगळ्यांत अवघड भाग सोडून देण्याचा. सात इनिंग, दोन हिट, आठ स्ट्राइकआउट देऊन गेलेल्या पिचरला दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रॉप करताना बोट थांबतं. वाटतं, याच्यात काहीतरी असेल. कधीकधी असतंही, आणि ते ओळखायचं तर पुन्हा वेग, नवं पिच आणि वजाबाकीचा तो आकडा बघावा. सामन्याचा निकाल बघू नये. हंबरकडेही काही कमी नव्हतं. २००४च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) मेट्सने त्याला तिसरा निवडला होता, योहान सांतानाच्या ट्रेडमध्ये तो मिनेसोटाला गेला, आणि व्हाइट सॉक्सने त्याला २०११च्या जानेवारीत चक्क वेव्हरवरून उचललं. त्या वर्षी त्याने ३.७५ ईआरए दिला. परफेक्ट गेमचं वर्ष मात्र ६.४४ वर संपलं, पुढचं ह्यूस्टनमध्ये ०-८ आणि ७.९०. त्याच्याबद्दल वाचताना मला वाईट वाटतं, कारण त्या शनिवारची पिचिंग खरीच होती, ती नशिबाने झालेली नव्हती. पण गुरुवारी बॉस्टन होतं, आणि फँटसी मॅनेजर म्हणून त्याला बाकावर ठेवायला हवं होतं. त्याच्यावर जीव जडला म्हणून नियम बदलला की जागा अडते, आणि ती जागा म्हणजेच स्ट्रीमिंगचं भांडवल. रोस्टरवर एक, फार तर दोन जागा कायम वाहत्या ठेवाव्यात. त्यांवर कोणालाही मुक्काम नको.

रविवारी सकाळी सगळ्या कॅटेगरी पुन्हा मांडाव्यात. ईआरए आणि व्हिप थोडक्यात हातात असतील आणि विन-स्ट्राइकआउट आवाक्याबाहेर गेले असतील, तर चांगला पिचरही बाकावर बसवावा, लीगची किमान इनिंगची अट पुरी झाली आहे एवढं बघून. उलट ईआरए आधीच बुडालेला असेल तर मोकळा मिळेल तो प्रत्येक स्टार्टर लावावा, स्ट्राइकआउट जास्त असलेला आधी. एक अ‍ॅड उरली असेल तर ती रविवारी रात्री सोमवारच्या पिचरवर वापरता येते, पण आपल्या लीगमध्ये ती चालू आठवड्यात मोजतात की पुढच्या, ते सेटिंगमध्ये आधी बघून ठेवावं.